धुळाप्पाचा चाकू

माळावर अजून रस्ते नव्हते, तेव्हाची गोष्ट. मेंढपाळ धुळाप्पाच्या खांद्यावर कुऱ्हाड असे आणि खिशात शिंगाच्या मुठीचा, मिटणारा चाकू.

"मी बाभळी पाडते. तुझ्यानं काय होतं रे?" कुऱ्हाड चाकूला हिणवायची.

एके दिवशी एका कोकराच्या मानेला दोरीचा फास बसला. ते तडफडू लागलं. धुळाप्पाने घाईने कुऱ्हाड उचलली, पण दोरी मानेत रुतली होती. कुऱ्हाडच घाबरून ओरडली, "नको! मान तुटेल!"

धुळाप्पाने चाकू उघडला. "उगी लेकरा, हलू नको," म्हणत त्याने पातं दोरीखाली अलगद सरकवलं. दोरी तुटली. कोकराला ओरखडाही उठला नाही. ते धावत जाऊन आईला लुचू लागलं.

धुळाप्पा चाकू पुसत होता, तेव्हा कुऱ्हाड हळूच चाकूला म्हणाली, "दादा, इतकं हळुवार तोडणं मला कधीच जमलं नाही."