पाय न लावता

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. माफ करा. माझी शाळा सातवीतच सुटली. पण गोष्ट सरळ आहे.

फार जुन्या काळी डोंगरापलीकडच्या मुलखातून एक सुतार भाताच्या खोऱ्यात आला. तिथं एक म्हातारी गावाचं भात कांडून पोट भरायची. आता तिचे खांदे गेले होते. मुसळ उचलवत नव्हतं.

"आजी, तुमचे कष्ट संपवतो," म्हणत सुतारानं आपल्या मुलखातलं यंत्र बनवलं. लांब दांडा, एका टोकाला मुसळ. दुसरं टोक पायानं दाबलं की मुसळ वर, सोडलं की खाली.

गावानं नारळ फोडला. आठवड्यानं सुतार बघतो तर यंत्रावर लुगडी वाळत होती आणि म्हातारी कण्हत जुनंच मुसळ उचलत होती.

"तुम्हाला शिकायलाच नको!" तो चिडला.

"शिकायचंय रे बाबा. पण सांडलेल्या दाण्यावर चुकून पाय पडला तरी आम्ही नमस्कार करतो. मी लाथेनं भात कांडू होय?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोलू दिलंस कुठं?" जमलेल्या बाया हसल्या. सुतारही ओशाळून हसला.

मग हत्यारं बाजूला ठेवून तो दोन दिवस नुसता बघत बसला. मुसळ खाली आणताना म्हातारीला त्रास नव्हता. जीव जायचा तो वर उचलताना.

"आजी, वर उचलायचं काम दुसऱ्या कुणी केलं तर?"

"बांबू करील की! ओढ्यातलं माशांचं जाळं आम्ही तसंच वर घेतो. वाकवलेला बांबू सोडला की आपोआप सरळ होतो."

दोघांनी मिळून उखळाशेजारी लवचिक बांबू रोवला आणि त्याच्या शेंड्याला मुसळ टांगलं. म्हातारीनं नुसतं खाली ओढायचं, वर न्यायला बांबू. त्या वर्षी साऱ्या गावाचं भात तिनंच कांडलं, तेही गाणी म्हणत.

सुतार घरी परतला, तर घरचं पायाचं यंत्रही कोपऱ्यात धूळ खात होतं. त्याच्या आईचे गुडघे कधीचे दुखत होते. ती बोलली नव्हती, त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं अंगणात बांबू रोवला.

"हे कुठं शिकलास रे?" आईनं विचारलं.

"पलीकडच्या एका आजीनं शिकवलं."

बोध हाच: आपली विद्या दुसऱ्याला द्यायची तर आधी त्याला विचारावं, आणि त्याचीही शिकून घ्यावी.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या मावशींकडे गेलो. त्यांच्यासाठी पाट करतोय, पण उंची मी अंदाजानंच धरली होती. म्हणालो, "मावशी, चुलीपुढं जरा बसून दाखवता का?"