अंगठ्याखाली झाकलेलं नाव

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात एक प्रधान होता. वयाने तरुण, बोलायला गोड आणि कामाला वाघ. खोट एकच होती. लोक आपल्याला चांगलं म्हणतात हे रोज कानावर पडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

त्या वर्षी राजधानीत आलेले वाटसरू नाहीसे होऊ लागले. आधी एक कापडाचा व्यापारी गेला, मग एक वैद्य, मग लेकीला भेटायला निघालेला एक म्हातारा. माणूस गावात आलेला दिसे, गावाबाहेर पडलेला कुणालाच दिसत नसे. बाजारात लोक उघड बोलू लागले, "इथं माणसं गडप होतायत आणि प्रधान पालखीत मिरवतायत!"

ते शब्द प्रधानाच्या जिव्हारी लागले. त्याने कोतवालाला बोलावलं.

"चार महिने झाले, कोतवाल. तुम्ही करताय तरी काय?"

कोतवाल वयस्कर होता, कमी बोलणारा. त्याने दार लोटून घेतलं आणि दप्तरातला एक कागद पुढे ठेवला.

"धागा हाती लागलाय, प्रधानजी. नदीवर सारजा नावाची परटीण आहे. वाटसरू उतरतात त्या सराईचे कपडे तीच धुते. गावोगावचे परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने आपापली खूण करतात. ती कितीही धुतली तरी जात नाही. परगावच्या खुणेचा सदरा एकदा धुवायला आला तर नवल नाही. पण वाटसरू निघून गेला म्हणतात, आणि त्याचा सदरा महिनाभर येतच राहतो. तेव्हा सारजाने ताडलं, की या कपड्यांचे धनी सराईतून बाहेर पडलेच नाहीत."

"मग सराईवाल्याला आत्ताच धरा!"

"तो एकटा नाही. साथीदार कोण ते कळायला अजून आठ दिवस हवेत. सराईत उतरणाऱ्यांवर माझे दोन शिपाई वाटसरू बनून नजर ठेवून आहेत." कोतवालाने कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. "आणि ती बाई घाबरत घाबरतच सांगायला आली होती. 'माझं नाव कुठं येणार नाही ना?' असं तीनदा विचारलं तिने. मी शब्द दिलाय. हा कागद महाराजांना दाखवण्यापुरता तुमच्या हाती देतोय. त्यापलीकडे जायला नको."

"निश्चिंत राहा," प्रधान म्हणाला. तेव्हा तो मनापासूनच बोलला होता.

त्या गावात एक बातमीकार होता. रोज सकाळी चावडीपुढच्या पारावर उभा राहून तो बातम्या मोठ्याने वाचून दाखवी. दुसऱ्या दिवशी त्याने वाचलं, "प्रधानजींना जाग कधी येणार?" लोक खो खो हसले. ते हसू थेट प्रधानाच्या वाड्यापर्यंत ऐकू आलं.

प्रधानाला घास गिळवेना. 'लोक घाबरलेत,' तो स्वतःशी म्हणाला. 'त्यांना धीर द्यायला नको? काही चाललंय हे त्यांना कळायला नको?' हे सगळं खरंच होतं. पण कागद उचलताना त्याच्या मनात लोकांची भीती नव्हती, लोकांचं हसणं होतं.

दुपारी त्याने बातमीकाराला मागच्या दाराने आत घेतलं. सारजाच्या नावावर अंगठा दाबून धरला आणि कागद त्याच्यापुढे केला.

"एवढंच वाचा. हे नाव नको. आणि हे कुणी दाखवलं, तेही कुणाला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पारावर गर्दी मावेना. बातमीकाराने आवाज चढवला, "प्रधानजींच्या खटपटीला यश! सराईच्या धुण्यात सापडल्या बिब्ब्याच्या खुणा! गुन्हेगार आता वाचत नाहीत!"

लोकांनी प्रधानाचा जयजयकार केला. तो खिडकीत उभा राहून ऐकत होता. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

त्याच गर्दीत सराईवालाही उभा होता. त्याला नाव ऐकायची गरजच नव्हती. सराईचं धुणं गावात एकच बाई धुवायची.

वाटसरू बनलेले कोतवालाचे दोघे शिपाईही इतर वाटसरूंमागे पारावर आले होते. गर्दीतून वाट काढत ते धावत सराईत पोचले तेव्हा चुलीतले निखारे अजून लाल होते, पण आत चिटपाखरू नव्हतं. घाटावर सारजाचं धुणं तसंच भिजत पडलं होतं. दिवस कलायच्या आत कोळ्यांना ती सापडली. खालच्या अंगाला, लव्हाळ्यात. जीव केव्हाच गेला होता.

दरबार भरला. कोतवालाने एवढंच सांगितलं, "महाराज, तो कागद मी एकाच माणसाच्या हाती दिला होता."

प्रधान उठला. "माझ्याच हातून झालं, महाराज. पण लोकांना कळायला हवं, असं मला वाटलं."

"कोतवाल ढिला वाटला, तर माझ्यापाशी का आला नाहीत?" राजाने विचारलं. "लोकांना कळायला हवं होतं, तर इथं भर दरबारात उभं राहून, जबाबदारी स्वतःवर घेऊन का बोलला नाहीत? मागच्या दाराने का? आपलं नाव लपवायला का सांगितलंत?"

राजाने त्याची प्रधानपदाची वस्त्रं काढून घेतली.

तिथून तो अनवाणी सारजाच्या घरी गेला. तिचा नवरा हैबती उंबऱ्यात बसला होता.

"मी तिचं नाव झाकलं होतं रे, हैबती. देवाशपथ झाकलं होतं."

हैबतीने मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रधानाला सोसवेना. "झाकलं असंल, साहेब. पण आम्हा गरिबांना नावानं कोण ओळखतं? कामानंच ओळखत्यात."

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी नदीच्या वरच्या अंगाला एक कासारीण नाहीशी झाली. टोळीने दुसरीकडे बस्तान मांडलं होतं. म्हातारा कोतवाल गावोगाव विचारत हिंडू लागला. प्रधान आपणहून त्याच्यासोबत गेला. दुसरं करण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

नदीच्या धक्क्यावर एक नावाडी भेटला. "बांगड्यांची पेटी घेतलेली बाई तुझ्या नावेत बसली होती का?" कोतवालाने विचारलं.

नावाड्याने कोतवालाकडे पाहिलं, मग प्रधानाकडे. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, ते दोघांनाही दिसलं. मग त्याने ते गिळलं.

"आम्ही पाण्याकडं बघून नाव हाकतो, साहेब. माणसांकडं बघत नाही," तो म्हणाला आणि वल्ह्याने काठाला रेटा देऊन निघून गेला.

ते दोघे गावात शिरले. पहिल्या घरापाशी पोचायच्या आधीच आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तात्पर्य: विश्वासाने हाती आलेलं गुपित आपल्या वाहवेसाठी चोरून उघडं करणाऱ्याला वाहवा घडीभर मिळते, जीव मात्र दुसऱ्याचा जातो, आणि त्यानंतर खरं सांगायला कुणी पुढे येत नाही.