वाऱ्याचा मालक

टेकवडीच्या लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी माळावर पवनचक्की उभारली. वाऱ्यावर पंप चालू लागला आणि बायकांची दरीतली पायपीट थांबली. शेजारच्या टेकडीचे मालक आबासाहेब इनामदार यांना मात्र ते सलत होतं. भर ग्रामसभेत ते सरपंच इंदुमतीबाईंना म्हणाले, "वारा माझ्या टेकडीवरून येतो, म्हणजे तो माझा. तुम्ही तो वापरून संपवणार. चक्की उतरवा."

इनामदारांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पण इंदुमतीबाई शांतपणे उठल्या.

"आबासाहेब, वारा तुमचा, मान्य. पण कुणाचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर आपण मालकालाच ते बांधून ठेवायला सांगतो. तुमचा वारा रोज आमच्या माळावर शिरतो. तेवढं त्याला टेकडीवर बांधून ठेवा, चक्की आपोआप थांबेल."

सगळी सभा हसली. आबासाहेबही ओशाळून म्हणाले, "बाई, वारा कधी बांधता येतो का?"

"येत नाही, म्हणून तर तो सगळ्यांचा. आणि कितीही वापरला तरी उद्या पुन्हा येतोच."

चक्की फिरत राहिली. त्यानंतर बाई वाटेत भेटल्या, की आधी नमस्कार आबासाहेबच करत.