चिंधीची काकडी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होतं आणि त्या जंगलात लोकशाही होती. बाकी हवापाणी चांगलं होतं.

जंगलातल्या ओढ्याकाठी कोंडिबा ससा आणि त्याची बायको अनसा भाजीचा मळा करत. काकडी, भेंडी, दोडका आणि पाटाच्या कडेनं थोडी मेथी. घरातले सगळेच राबायचे, पिल्लंसुद्धा पानांवरचे किडे वेचायची. चांगली भाजी बाजारात जायची आणि घरच्या वाट्याला वाकडी काकडी न् किडकी भेंडी यायची. तरी दोन वेळची चूल पेटत होती.

त्रास होता तो रानडुकरांचा. रात्री यायची, खायचं ते खायची आणि उरलेलं तुडवून जायची. सशांनी यावर पुष्कळ खल केला आणि सशांनाच सुचावा असा उपाय काढला. डुकरांना डुकरापेक्षा जास्त कोण ओळखणार? तेव्हा त्यांनी मुसंडीराव नावाच्या रानडुकराला भरघोस मतांनी राजा केलं.

मुसंडीराव गादीवर बसल्यावर रात्रीची लूट खरोखरच थांबली. डुकरं दिवसा येऊ लागली. त्याला पाहणी दौरा म्हणत.

आता सशांची एक जुनी रीत सांगायला हवी. वेलावरचं पहिलं देखणं फळ ते तोडत नाहीत, त्याला चिंधी बांधतात. ते बियाण्याचं. ते वेलावरच पिकून पिवळं होतं आणि पुढच्या साली त्याचंच बी पेरतात. घरात खायला दाणा नसला तरी चिंधीच्या फळाला ससा हात लावत नाही. पिल्लू बोलायच्या आधी हे शिकतं.

राजाचा प्रसिद्धीमंत्री एक वानर होता. झाडावर राहत असल्यामुळे त्याला शेतीची वरूनवरून माहिती होती. जनता काकडी खाते पण खाताना राजाची आठवण काढत नाही, या गोष्टीनं त्याची झोप उडाली. त्यानं फर्मान काढलं की राज्यातल्या प्रत्येक फळाला पक्षाची जांभळी चिंधी बांधावी. चिंध्यांसाठी सशांच्याच गोधड्या फाडून जांभळाच्या रसात बुडवल्या. याला लोकसहभाग असं नाव दिलं.

मग राजाची सभा झाली.

"बंधूंनो आणि भगिनींनो," मुसंडीराव म्हणाला, "विरोधक म्हणतात, भाजी सशांनी पिकवली. मी नम्रपणे विचारतो, ऊन कुणाच्या कारकिर्दीत पडलं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून सशांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा टोपली घेऊन मळ्यात गेला आणि तसाच उभा राहिला. जिकडं पाहावं तिकडं चिंध्या. हात म्हणून पुढं होईना.

"तोडा की," अनसा म्हणाली. "ही काय आपली चिंधी न्हाई."

"मला ठावं हाय गं," कोंडिबा म्हणाला. "पर हाताला कुणी सांगायचं?"

अनसानं मग दातांनी दोन चिंध्या सोडल्या. तिसरीला तोंड लावायच्या आत वानर फांदीवरून खाली उतरला. चिंधी सोडणं हा राजाचा अपमान आहे, चिंधीसकट भाजी तोडायला कुणाची ना आहे का, असं त्यानं विचारलं. चिंधीचं फळ तोडत नसतात, असं कोंडिबानं हात जोडून समजावलं. वानरानं त्याच्या अंधश्रद्धेची कीव केली आणि अनसावर राजद्रोहाचा खटला भरला.

पाहता पाहता काकड्या पिवळ्या पडल्या. भेंड्या इतक्या निबर झाल्या की आत बिया खुळखुळू लागल्या. बाजार ओस पडला. राज्य बियाण्यांच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाल्याचं वानरानं जाहीर केलं आणि त्याबद्दल राजाचा सत्कार केला. डुकरांच्या कुळात चिंधीची रीत नव्हती, त्यामुळे कोवळं काही दिसलं की पाहणी दौरा निघायचा. मळ्यात पीक असून अनसाची पिल्लं उपाशी झोपू लागली. त्यांच्या बरगड्या पाहून तिला राजाचा संताप यायचा, आणि त्याला मत देऊन आलेल्या नवऱ्याचा त्याहून जास्त.

अशात निवडणूक आली. मुसंडीरावासमोर बिबट्या उभा राहिला. देखणा, मितभाषी, अंगावर कधी चिखलाचा डाग नाही. त्याची पहिली सभा कोंडिबाच्या बांधावरच झाली.

"मी फार बोलत नाही," तो म्हणाला. "शब्द देतो. मी तुमच्या भाजीला तोंड लावणार नाही. आणि एकही डुक्कर मळ्यात ठेवणार नाही."

ससे आनंदानं उड्या मारू लागले. अनसा तेवढी उभी राहिली.

"साहेब, मग तुमी खाता काय?"

सभेत कुजबुज झाली. बिबट्या नुसता हसला. शेजारच्या सशांनी तिला खाली ओढलं. कोंडिबा दबक्या आवाजात म्हणाला, "गप बस. आधी डुकराला तर घालवू."

"आन् मग?"

"मगचं मग बघू. पिल्लांना आज भेंडी घालायची का न्हाई?"

शेवटी अनसानंही मत बिबट्यालाच दिलं.

बिबट्यानं शब्द पाळला. आल्या आल्या चिंध्या सोडवल्या, खटला मागं घेतला. मुसंडीराव, त्याचं गणगोत आणि फांदीवरचा वानर हळूहळू दिसेनासे झाले. सशांनी गुलाल उधळला. अनसाच्या पिल्लांनी पोटभर कोवळी भेंडी खाल्ली आणि ती चांगली गुबगुबीत झाली.

डुकरं संपल्यावर एका सकाळी कोंडिबा काकडी तोडायला गेला. दुपारी अनसा शोधत आली, तेव्हा टोपली पाटात पडली होती. काकडी एकही कमी नव्हती. अनसा तिथंच बसून खूप रडली, मग उठली आणि पिल्लांना घेऊन डोंगरापलीकडं निघून गेली. तिच्यामागं एकेक करून शेजारचे मळेही रिकामे होत गेले.

आज ओढ्याकाठी वेल भाजीनं लगडलेले आहेत आणि तोडायला कुणी नाही. बिबट्या अधूनमधून बांधावरून फेरी मारतो, पडीक मळे बघून हळहळतो आणि म्हणतो, हल्लीच्या तरुण पिढीला शेतीत रसच राहिलेला नाही.