ईशानची माफी

कृष्णेकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध तालीममास्तर राहत होते. उभे आयुष्य त्यांनी नाटके बसवण्यात घालवले होते. आता पाठ वाकली होती, तालमी थांबल्या होत्या, तरी जुने विद्यार्थी त्यांच्याकडे येत असत. येणारा आपली अडचण नाटकाची म्हणून सांगे. मास्तर ती शांतपणे ऐकून घेत, आणि बहुधा त्यांच्या ध्यानात येई की अडचण नाटकाची नाही.

एके दुपारी त्यांची ऋजुता नावाची शिष्या पुण्याहून आली. शाळकरी वयात ती त्यांच्या बालनाट्यांतून कामे करीत असे. आता तिशी ओलांडली होती आणि एका कंपनीसाठी ती मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा लिहीत होती. या कथांची रीत थोडी निराळी असते. पडद्यावर चित्र उमटते, मागे संगीत वाजते, पात्र बोलते. आणि नायिकेने त्यावर काय उत्तर द्यायचे, ते वाचणाऱ्याने निवडायचे. जसे उत्तर, तशी पुढची कथा. ऋजुताच्या कथेत नायिकेवर प्रेम करणारे तिघे होते. त्यांतल्या ईशानवर वाचकांचा विशेष जीव जडला होता.

"मास्तर, ईशानचं शेवटचं प्रकरण अडलंय," ती म्हणाली. "वाचकांना तो नायिकेला मिळायला हवाय. कंपनीचंही तेच म्हणणं. मधे तिचं त्याच्याशी बिनसलंय. आता तिनं त्याला क्षमा करायची, एवढंच लिहायचं राहिलंय. पण माझं मनच ठरत नाही. कधी वाटतं, इतकं प्रेम तिच्यावर दुसरं कुणी करणार नाही. कधी वाटतं, हिनं याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये."

"दाखव बघू," मास्तर म्हणाले.

तिने कथा सुरू केली. खिडकीतून मऊ उजेड येत होता. ईशान तिथे उभा होता, डोळे किंचित ओले. मागे सतारीचे सूर. तो बोलू लागला, तशी जिने ती वाक्ये स्वतः लिहिली होती त्या ऋजुताचाही चेहरा निवळला.

मास्तरांनी मोबाइल आपल्या हातात घेतला. "याचा आवाज कुठून बंद होतो?" त्यांनी विचारले आणि सतार बंद केली. मग खांद्यावरचा पंचा घडी करून त्यांनी पडद्याच्या वरच्या भागावर ठेवला. चित्र झाकले गेले, खाली फक्त अक्षरे उरली. चष्मा सारखा करून ते मोठ्याने वाचू लागले. स्वरात चढ नाही, उतार नाही. जणू एसटीचे वेळापत्रक वाचत असावेत.

"तुझ्या ऑफिसात मी फोन करून सांगितलं, की तू आज येणार नाहीस. तू थकलेली दिसत होतीस."

"मास्तर, असं काय वाचताय?" ऋजुता कळवळून म्हणाली. "एका 'हो'चा सूर लागेपर्यंत तुम्ही आम्हाला तासन्‌तास उभं करायचात!"

मास्तर तसेच पुढे वाचत राहिले.

"तू गाऊ नकोस असं मी कधी म्हटलं? लोक मागे हसतात, ते मला बघवत नाही, एवढंच."

"तुझ्या मैत्रिणी तुझं चांगलं चाललंय तोवर येतील. मी कायम असणार आहे."

"मी रागावलो नाही. मला वाईट वाटलं. मला वाईट वाटावं असं तुला वाटत होतं का?"

पलीकडे स्वयंपाकघरात मास्तरांच्या पत्नी माई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ना कथा वाचली होती, ना चित्र पाहिले होते. तिथूनच त्यांनी विचारले, "अहो, त्या मुलीला माहेरचं कुणी नाही का?"

ऋजुताचा चेहरा लाल झाला. "माई, तुम्ही आधीचं वाचलेलं नाही. तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा हाच बाकावर बसून असायचा. डॉक्टर बाहेर आले की आधी हा उठून उभा राहायचा. कुणाच्या हातून काही घेत नव्हते ते. शेवटी माझ्या बाबांना मोसंबीचा रस यानंच..."

वाक्य अर्ध्यावर तुटले. 'माझ्या' हा शब्द तिला स्वतःलाही ऐकू आला होता.

"नाव काय त्याचं?" मास्तरांनी विचारले.

"श्रीरंग," ती म्हणाली.

मग हळूहळू तिने सारे सांगितले. काही वर्षे ती दोघे एकत्र होती. लग्न ठरल्यातच जमा होते. त्या काळात तिचे गाणे सुटले, मैत्रिणी येईनाशा झाल्या, आणि हे सारे आपणच आपल्या मर्जीने सोडले असे तिला वाटत राहिले. एके दिवशी ती आईकडे गेली ती परत फिरली नाही. भांडणही झाले नव्हते. आता अलीकडे त्याचा निरोप आला होता, 'भेटू या का?' तिने उत्तर दिले नव्हते. निरोप पुसलाही नव्हता.

मास्तरांनी पंचा उचलून पुन्हा खांद्यावर टाकला.

"बाळ, नाटक बसवताना आम्ही पहिलं वाचन कोरडं करत असू," ते म्हणाले. "नट गोड गळ्याचा असला, की लिहिलेलं काय आहे तेच कुणाला कळत नाही. तू ईशानला आधी गोड गळा दिलास. खिडकीतला उजेड तू सांगितलास, सतार तू सांगितलीस, डोळ्यांतलं पाणी तू चित्रकाराकडून काढून घेतलंस. त्याच्यातल्या ज्या मऊपणाची तुला आठवण येते, तो तुझाच आहे. दवाखान्यातलं त्याचं बसणं खरं आहे. ते खोडू नकोस. पण कथेत जिथं जिथं त्यानं माफी मागायला हवी होती, तिथं तिथं तू तो दवाखाना नेऊन ठेवला आहेस."

ऋजुता खाली मान घालून ऐकत होती. "मग क्षमा करायचीच नाही का?"

"कर की. मी कोण नको म्हणणारा? फक्त त्याआधी त्याच्या तोंडची माफी लिही. नुसती माफी. चित्र नको, सतार नको, दवाखाना नको."

ती पुण्याला परतली आणि लिहायला बसली. काम सोपे वाटले होते. 'मला वाईट वाटतं की तुला तसं वाटलं,' असे तिने लिहिले आणि खोडले. 'मी जे केलं ते तुझ्यासाठीच,' असे लिहिले, तेही खोडले. ईशान तोंड उघडी आणि दोन शब्दांत दोष नायिकेच्या पदरात येऊन पडे. इतर पात्रांच्या तोंडी तिने कितीतरी माफ्या सहज लिहिल्या होत्या. मग तिच्या लक्षात आले. ईशानची वाक्ये ती श्रीरंगच्या आवाजात ऐकून लिहीत आली होती. आणि त्या आवाजात माफी कशी असते हे तिला ठाऊकच नव्हते. ती तिने कधी ऐकलीच नव्हती.

तिने त्या जुन्या निरोपाला उत्तर दिले, 'रविवारी सकाळी भेटू.'

एका हॉटेलात ती दोघे भेटली. श्रीरंग आधीच येऊन बसला होता. तिला बिनसाखरेची कॉफी लागते हे तो विसरला नव्हता. त्याने तिच्या आईची चौकशी केली. बाबांची आठवण काढली. त्याचा आवाज पूर्वीसारखाच हळुवार होता. ऋजुताला वाटले, विचारूच नये काही. पण तिने विचारले.

"श्रीरंग, माझ्या ऑफिसात फोन करून, मी येणार नाही असं तू परस्पर सांगायचास. का रे?"

तो हसला. "अगं, किती जुनं उकरून काढतेस! तू दमायचीस म्हणून."

"मला विचारलं नाहीस कधी."

"तुला विचारलं असतं तर तू गेली असतीस." मग तिच्याकडे निरखून पाहत तो म्हणाला, "किती वाळलीस गं. नीट जेवत नाहीस ना?"

हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. ऋजुताने ते पाहिले. ती थांबली. कॉफी निवेपर्यंत थांबली. तो तिच्या नव्या घराविषयी बोलला, रस्त्यांवरच्या गर्दीविषयी बोलला, पुन्हा एकदा तिच्या तब्येतीविषयी बोलला.

"निघते मी," ती उठून म्हणाली.

"एवढ्यात? मी काही बोललो का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच बोलला नाहीस."

त्याच आठवड्यात तिने ईशानचे प्रकरण पुरे केले. नायिका त्याला एकच प्रश्न विचारते. तो सगळ्याविषयी बोलतो, त्या प्रश्नाविषयी बोलत नाही. तिथे सतार थांबते. वाचणाऱ्यापुढे दोन उत्तरे येतात, 'येते' आणि 'जाते'. कोणतेही निवडले तरी नायिका दाराबाहेर पडते.

वाचक नाराज झाले. इतका जीव लावणाऱ्याला अशी शिक्षा का, असे कितीकांनी लिहिले. कंपनीने शेवट बदलता येईल का म्हणून विचारले. ऋजुताने शेवट बदलला नाही. पण वाचकांशी वादही घातला नाही. त्यांना जे वाटत होते, त्यातले बरेचसे तिलाही वाटत होते.

पुढे सवड मिळताच ती मास्तरांकडे गेली. घडलेले सारे सांगून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, तुमचं एक चुकलं."

"काय गं?"

"मऊपणा माझाच आहे म्हणालात तुम्ही. तसं नव्हतं. समोर सतार नव्हती, चित्र नव्हतं, तरी त्याच्या आवाजात तो होता. मी माझ्या कानांनी ऐकला."

मास्तरांनी चष्मा काढून पंचाने पुसला. मग म्हणाले, "चुकलं माझं. मला वाटलं, तो मऊपणा मुळात नव्हताच असं तुला पटलं, तर निघणं सोपं जाईल."

"सोपं नाही गेलं."

"नाही ना?" मास्तर हळूच म्हणाले.

"आणि एवढी वर्षं मी विचारलंच नाही, याचंही वाईट वाटतं. तेव्हाच विचारलं असतं तर कदाचित... कदाचित त्यालाही बोलता आलं असतं."

"कदाचित," मास्तर म्हणाले. आले असते की नसते, याचा निवाडा त्यांनी केला नाही. रडू नकोस असेही ते म्हणाले नाहीत. माई आतून आल्या आणि काही न विचारता तिच्या शेजारी बसल्या. ऋजुताने डोळे पुसले नाहीत, आणि कुणी तिला पुसायला लावले नाहीत.

थोडा चांगलाही असलेल्या माणसाला मागे ठेवून कुणी आपल्या दारी आले, तर त्याला 'सुटलास बाबा' असे म्हणू नये. त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे.