तीन वर्षांची खळ

एकदा एक शिष्य राजदरबारी निघण्यापूर्वी आपल्या वृद्ध गुरूंच्या पाया पडायला आला. हातात अर्ज होता, खांद्यावर रेशमी शेला होता आणि मनात काळजीपेक्षा अभिमानच थोडा जास्त होता. गुरू म्हणजे कुणी संन्यासी नव्हेत. नदीकाठच्या त्या विणकरांच्या गावात उभे आयुष्य मागावर काढलेले म्हातारे. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. शिष्याचे नाव विश्राम. अण्णांची दृष्टी अधू झाल्यापासून गावातल्या तीनशे मागांचा कारभार तोच पाहत होता.

अर्जाची हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून कापडाने भरलेली गलबते एकामागून एक येऊ लागली. ते कापड इतके स्वस्त, की त्या किमतीत इथे नुसते सूतही मिळू नये. बघता बघता निम्मे माग बंद पडले. तेव्हा अण्णा काठी टेकत दरबारात गेले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, परदेशी कापडावर तीन वर्षे जकात बसवा. तेवढ्या अवधीत आम्ही त्यांच्या तोडीचे कापड विणून दाखवू. हा माझा शब्द." राजाने जकात बसवली. परदेशी कापड महागले आणि गावातले माग पुन्हा खडखडू लागले. आता ती मुदत सरत आली होती, बंदरात गलबते टपून उभी होती, आणि विश्राम आणखी तीन वर्षे मागायला निघाला होता. जकात उठली तर तीनशे घरांच्या चुली विझतील, ही त्याची भीती काही खोटी नव्हती.

"राजाला भेट काय नेतोस?" अण्णांनी विचारले.

विश्रामने शेला त्यांच्या मांडीवर पसरला. "तीन महिने विणत होतो, अण्णा."

अण्णांनी त्यावरून बोटे फिरवली. "सुरेख आहे. पण शेल्यांसाठी कुठे जकात मागतो आहेस? गलबतांतून येतात ती रोजची लुगडी. आपलं रोजचं लुगडं आण पाहू एक."

विश्रामने शेल्याची घडी घातली. मग तो घरी गेला आणि आपल्याच मागावरचे एक कोरे लुगडे घेऊन आला. चांगले करकरीत होते, घडी मोडताना आवाज व्हावा असे. अण्णांनी ते चाचपले, काखेत मारले आणि काठी उचलली. "चल, परटांच्या घाटावर जाऊ."

घाटावर हौसाबाई परटीण उन्हाकडे तोंड करून कपडे आपटत होती. अण्णा तिच्या शेजारच्या दगडावर बसले आणि ते कोरे लुगडे त्यांनी सरळ पाण्यात बुडवले.

"अण्णा, अहो कोरं आहे ते!" विश्राम ओरडलाच.

अण्णांनी लक्ष दिले नाही. त्यांनी ते खंगाळले, पिळले, पुन्हा बुडवले. पाणी पेजेसारखे पांढरे झाले. तिसऱ्या पिळ्याला पाणी स्वच्छ निघाले, तेव्हा म्हाताऱ्याने पदर दोन्ही हातांनी उंच धरला. त्या कापडातून विश्रामला पलीकडची नदी दिसली, नदीतली म्हैस दिसली आणि गुरूंची दहाही बोटे मोजता येतील इतकी स्वच्छ दिसली.

त्याला कारण विचारायची गरजच नव्हती. जकात बसल्यावर पहिल्याच हंगामात सूत महाग झाले, म्हणून त्यानेच मागाची, धागे ओवायची फणी विरळ केली होती. दोन बोटे रुंदीत शंभर धाग्यांच्या जागी पंचाहत्तर धागे आणि वर पेजेची खळ दाट. दुकानात कापड भरदार लागे. स्वस्त परदेशी कापड शेजारी नव्हतेच, मग तुलना कोण करणार? एका हंगामापुरती केलेली ही तडजोड पुढे रीत झाली, आणि गावातल्या प्रत्येक विणकराला दाट खळीचे प्रमाण विश्रामनेच शिकवले होते.

हौसाबाईने हात थांबवला आणि हसून म्हणाली, "अण्णा, तुमाला आज दिसलं व्हय? आमाला रोजचंच हाय. गावचं म्हून घेतलं म्या बी. दिवाळीआधी." मग तिची नजर विश्रामकडे गेली आणि ती ओशाळली. "काठ तुमच्याच मागावरचा हाय, दादा. रंग मातूर पक्का हाय हां."

"ते नेसतेस का?" अण्णांनी विचारले.

"नेसते की. आतनं जुनं नेसते, वरनं ह्ये. आन् उनाकडं पाठ करून हुबी ऱ्हात न्हाई, आरपार दिसतं म्हून, येवढंच." हे बोलताना तिने त्याच लुगड्याचा पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

विश्रामची मान खाली गेली. रोज सकाळी तो याच घाटावरून जात असे, आणि ती उन्हाकडे तोंड करून का उभी असते, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

परतताना अण्णा बोलले. "विश्राम, जकात मागण्यात चूक नव्हती. हाड मोडलं की वैद्य फळ्या बांधतोच. पण फळ्या असतात हाड सांधेपर्यंत, आणि आपण सांधायचंच विसरलो. तुला वाटलं जकात परदेशी व्यापाऱ्यानं सोसली. ती हौसाबाईनं सोसली. स्वस्त, दाट लुगडं तिच्या हाताबाहेर गेलं, ते आपण सावरावं म्हणून. ती तीन वर्षं राजानं दिली नव्हती, तिनं दिली होती. त्या बदल्यात आपण तिला खळ विकली." ते पुढे म्हणाले, "माझे डोळे गेलेत, बोटं नाहीत. मला वर्षभर कळत होतं. गावाची चूल पेटती आहे म्हणून गप्प बसलो. शब्द माझा होता, तेव्हा लाजही आधी माझी."

विश्राम दरबारात गेला, पण शेला घरीच राहिला. त्याने ते धुतलेले लुगडे राजापुढे ठेवले, आपण काय केले ते सांगितले आणि तीन वर्षांऐवजी एकच वर्ष मागितले, तेही अशा अटीवर की गावातले प्रत्येक कापड राजाच्या माणसासमोर तीनदा धुऊन मगच बाजारात जाईल. राजाने एक वर्ष दिले.

गावात आल्यावर त्याने आधी फणी बदलली. पूर्ण शंभर धाग्यांचे पहिले लुगडे विणले, स्वतः तीनदा धुतले आणि घाटावर नेऊन हौसाबाईपुढे ठेवले.

"ह्ये काय? दाम सांगा, दादा."

"दाम तू दोन वेळा दिला आहेस, एकदा दुकानात आणि एकदा या घाटावर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घाटावरून जात होता. हौसाबाई नवे लुगडे नेसून, उन्हाकडे पाठ करून, शेजारणीशी निवांत गप्पा मारत उभी होती. तिने त्याला हाक मारली. विश्रामने हात जोडले, पण मान वर करून तिच्याकडे पाहणे त्याला काही जमले नाही.