तात्या सापडत नाहीत

विणकरांच्या एका गावात मुरलीधरशेठ नावाचे मागवाले होते. माणूस देवभोळा, कष्टाळू, बोलायला गोड. पण ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. असे लोक गावोगाव असतात म्हणा, त्यात शेठनाच काय बोल लावायचा.

त्यांचे वडील तात्या. पदरावरचा मोर काढावा तर तात्यांनीच, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. म्हातारपणी ते हौसेनं कॉम्प्युटर शिकले आणि जन्मभर काढलेले मोर, पोपट, वेली त्यांनी त्यात उतरवून ठेवल्या. कागदावरची चित्रं पुढं वाळवीनं खाल्ली. तात्याही गेले. आता उरलं होतं ते सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याच नक्षीवर शेठचे माग चालत.

पुढं तो कॉम्प्युटरही थकला. नव्यावर तात्यांचा प्रोग्राम चालेना. तेव्हा तालुक्याच्या नासिरभाईंनी एक युक्ती केली. अख्खा जुना कॉम्प्युटर त्यांनी नव्याच्या पोटात बसवला. बाहेरून नवा, आतून जुना. आतल्याचं सगळं सामान एका भल्यामोठ्या फायलीत होतं, तिला नासिरभाईंनी नाव दिलं ‘तात्या’. तिच्या शेजारी एक चिमुकली फाईल ठेवली, चिठ्ठीसारखी. आतला कॉम्प्युटर जागा झाला की आधी चिठ्ठी वाचायचा, तिच्यातलं नाव घेऊन हाक मारायचा, मग मोठी फाईल उघडायची.

जाताना नासिरभाई म्हणाले, “या दोन फायलींना कुणी हात लावायचा नाही.” शेठनी हा नियम साऱ्या कारखान्याला बजावून सांगितला. कॉम्प्युटरवर गोदाबाई बसायच्या. त्या एकट्या कमावत्या आणि घरात खाणारी तोंडं बरीच. त्यांनी तर तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

खंडेनवमी आली. शेठनी मागाला, धोट्याला, फणीला हळदकुंकू वाहिलं. कॉम्प्युटरवर ओल्या कुंकवानं ‘श्री’ काढला. गोदाबाई प्रसाद वाटायला बाहेर गेल्या आणि शेठच्या मनात आलं, बाहेर श्री लागला, मग आतल्या तात्यांना नको का? वडिलांचं नाव असं उघडंबोडकं बरं दिसत नाही. त्यांनी मोठी फाईल शोधली, नावावर टिचकी मारली आणि ‘श्री’ लिहिलं. लावायचा होता तात्यांच्या आधी, पण जुनं नाव पुसून गेलं आणि नुसता ‘श्री’ उरला. करायला गेले गणपती, झाला मारुती. तरी शेठ म्हणाले, असू दे, देवाचंच नाव आहे.

दसरा झाला. माग सुरू करायला गोदाबाईंनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘तात्या’ सापडत नाही.

त्यांनी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. विणकर भोवती जमले. मागावर एका नवरीचा शालू होता, अंग विणून झालं होतं आणि मोराचा पदर राहिला होता. पण शालूचं सोडा, तात्यांची सारी नक्षीच गेली तर उद्या कुणी काय विणायचं, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

चोराच्या मनात चांदणं. कुणी विचारायच्या आतच शेठ म्हणाले, “मी काही हात लावलेला नाही.”

मग कुणी लावला? सगळ्यांची नजर गोदाबाईंकडे वळली. शेठनी ती वळलेली पाहिली आणि त्यांना जरा हायसं वाटलं. ते म्हणाले, “गोदाबाई, नीट आठवा. पूजेच्या गडबडीत तुमचाच हात लागला असेल.”

“नाही लागला, शेठ,” गोदाबाई म्हणाल्या. कुणी ते मनावर घेतलं नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले तसे शेठ गुपचूप कॉम्प्युटरपाशी बसले. नाव परत फिरवावं, असं एकदा वाटलं. पण शेठ बसले आणि लगेच चालू झालं, हे कसं काय, असं कुणी विचारलं तर? त्यापेक्षा ही चिठ्ठीच सारखी तात्या तात्या करतेय, तीच नसली तर हाक कोण मारेल? त्यांनी चिठ्ठी पुसून टाकली. झालं. आता पडद्यावर अक्षरंही येईनात. नुसता काळा पडदा. शेठची पाचावर धारण बसली.

संध्याकाळच्या आत नासिरभाई आले. काळ्या पडद्याच्या बाजूला फायलींची यादी उघडून त्यांनी बराच वेळ शोधलं आणि म्हणाले, “तात्या नाही आणि चिठ्ठीही नाही. कुणीतरी दोन्ही पुसलंय.”

दाराशी गोदाबाई डबा आणि पिशवी घेऊन उभ्या होत्या. शेठनी घरी जायला सांगण्याआधीच त्यांनी आवराआवर केली होती.

“आणि हे ‘श्री’ काय आहे?” नासिरभाईंनी विचारलं. “केवढी जागा अडवलीय. पूजेचा व्हिडिओ भरलाय का कुणी? हे काढतो आणि रिकामा प्रोग्राम घालून देतो. नक्षी मात्र तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून काढावी लागेल. शेठ, काढू ना?”

शेठनी नुसती मान हलवली असती तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. तात्या गेले ते गोदाबाईंमुळे, असं गावानं मानलं असतं. नासिरभाईंचं बोट बटणावर होतं. शेठना त्या काळ्या पडद्यात आपलंच तोंड दिसत होतं आणि ते त्यांना बघवेना.

“नासिरभाई, काढू नका,” ते म्हणाले. “ते तात्या आहेत. नाव मी बदललं. चिठ्ठीही मीच पुसली. माझं चुकलं.”

नासिरभाईंनी बोट मागे घेतलं. त्यांनी मोठ्या फायलीचं माप पाहिलं, ते माप टाकून नवी चिठ्ठी लिहिली आणि तिच्यात नाव घातलं ‘श्री’. म्हणाले, “शेठ, नावाशी यंत्राला सोयरसुतक नसतं. हाक मारणाऱ्याला नवं नाव ठाऊक पाहिजे, एवढंच. सकाळी बोलला असता तर चहा निवायच्या आत काम झालं असतं.”

काळा पडदा उजळला. आतला जुना कॉम्प्युटर जागा झाला. एकामागून एक तात्यांचे मोर आले, पोपट आले, वेली आल्या. शेठचे डोळे भरून आले.

ते दाराशी गेले. म्हणाले, “गोदाबाई, पिशवी ठेवा. उद्या शालूचा पदर लावायचाय.”

गोदाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तात्यांचं नाव चिठ्ठीत दुरुस्त झालं, शेठ. माझं बिघडलेलं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. ते कोण दुरुस्त करणार?”

शेठनी चप्पल घातली आणि विणकरांच्या आळीत पहिल्या घराचं दार वाजवलं. प्रत्येक दारात ते तेच दोन शब्द बोलत गेले. शेवटचं घर करून ते परतले, तेव्हा गोदाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

तात्पर्य: चूक कबूल करायला आपलं एकट्याचं नाव पुरतं, लपवायला मात्र दुसऱ्याचं नाव बिघडवावं लागतं, आणि जे नाव आपण बिघडवलं, ते घरोघर जाऊन आपणच दुरुस्त करायचं असतं.